आधी आई दाखवा
(मंडळाच्या श्रावणातील सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि "या वेळच्या सभेत तुम्ही बोला" म्हणाल्या, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. याच जागेवरून मधुमेहाविषयी डॉक्टरीणबाई बोलून गेल्या, मृत्युपत्राविषयी वकीलबाई बोलून गेल्या. मी काही वर्षे शाळेत शिकविले आणि बाकीची वर्षे घर सांभाळले. मी काय सांगणार? तर त्या म्हणाल्या, "तुमच्या पिल्लाचे जे झाले तेवढेच सांगा." मला वाटले, थट्टा करताहेत. पण त्यांनी बोटांवर मोजून दाखविले. गेल्या दोन वर्षांत आपल्या कॉलनीत सात घरी कुत्र्याची पिल्ले आली. त्यांतली तीन महिन्याच्या आत दगावली. एक फार चावते म्हणून कोणाला तरी देऊन टाकले. म्हणजे सातांतली तीनच धडपणी राहिली. इतकी वाईट गत आपण कुंडीतल्या रोपांचीही होऊ देत नाही. तेव्हा विषय थट्टेचा नाही हे मला पटले. माझीच चूक चार बायकांसमोर सांगायची, याची थोडी लाज वाटते; पण ती ऐकून एखादीची नऊ दिवसांची जागरणे वाचली तर लाज वसूल झाली असे मी समजेन.

आमच्या नातवाचा दहावा वाढदिवस होता. पोराने वर्षभर एकच धोशा लावला होता, कुत्रा हवा. त्याचे आईबाप नोकरीवर. दिवसभर घरात मी आणि तो. शेवटी मीच म्हटले, चल, माझ्या पैशांनी घेऊ. मोबाईलवर त्याने फोटो दाखविला. हिरवळीवर बसलेले, गळ्यात लाल फीत बांधलेले, लोण्याच्या गोळ्यासारखे पिल्लू. लॅब्रॅडॉर जात, वय दोन महिने, लसीकरण पूर्ण, असे खाली लिहिलेले. मी फोन केला. पलीकडचा माणूस मोठा गोड बोलला. मी विचारले, "पाहायला घरी येऊ का?" तर म्हणाला, "मावशी, घर लांब आहे, रस्ता खराब. तुम्ही कशाला त्रास घेता? मीच आणून देतो." मला वाटले, किती हा सज्जनपणा!

स्टेशनजवळच्या पुलाखाली तो मोटारसायकलवर आला. रेक्झिनच्या पिशवीतून त्याने पिल्लू काढले आणि नातवाच्या हातांत ठेवले. बारा हजार सांगून नऊ हजारांवर आला. एक छापील लसीचे पुस्तक दिले, त्यावर निळा शिक्का होता. पाच मिनिटांत व्यवहार आटोपला. मी कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा ती उलटीपालटी करून, दोरा सैल करून आत पाहते. त्या दिवशी मी काही पाहिले नाही. पाहिला तो नातवाचा चेहरा.

पिल्लाचे नाव ठेवले बिस्कीट. तीन दिवस ते खेळले, म्हणजे आम्हाला वाटले खेळते आहे. बहुतेक वेळ ते झोपूनच असे. चौथ्या दिवशी खाणे सुटले, मग उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही. डॉक्टरांनी पार्व्हो सांगितले. सलाईन, इंजेक्शने, रात्री दर दोन तासांनी उठून पाहणे, सगळे केले. नवव्या दिवशी पहाटे ते गेले.

डॉक्टर तरुण होते, पण बोलणे नीट, समजावून सांगणारे. त्यांनी पिल्लाचे दात पाहून पहिल्याच दिवशी सांगितले होते, "काकू, हे दोन महिन्यांचे नाही. जेमतेम पाच आठवड्यांचे असेल." पुस्तकही त्यांनी उलगडून दाखविले. खऱ्या पुस्तकात लसीच्या कुपीवरची चिठ्ठी चिकटविलेली असते, तिच्यावर लसीचे नाव, बॅचचा नंबर, मुदत असते. शेजारी तारीख, डॉक्टरांची सही आणि त्यांचा नोंदणी क्रमांक असतो. आमच्या पुस्तकात नुसता शिक्का होता. मग त्यांनी विचारले, "त्याची आई पाहिली होती का?"

भगिनींनो, त्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकले नाही. माझे माहेर कराडकडचे. वडील म्हैस घ्यायला गुरांच्या बाजारात जात, तेव्हा आम्हा पोरींनाही बरोबर नेत. ते म्हशीचे दात पाहात, कास चाचपीत, कितव्या वेताची आहे ते विचारीत, चालवून पाहात आणि एवढ्यावर न थांबता विकणाऱ्याच्या गोठ्यात जाऊन स्वतः धार काढून पाहात. खाण तशी माती, हे त्यांचे पालुपद. त्या बापाची मी लेक, आणि पुलाखाली पिशवीतून जीव विकत घेऊन आले.

आणखी एक सांगते, मग पुढे जाते. पिल्लू गेल्यावर नातू आठवडाभर कोणाशी धड बोलेना. एका रात्री माझ्याजवळ येऊन झोपला आणि अंधारात म्हणाला, "आजी, मी त्याला फ्रीजमधले दूध पाजले होते. म्हणून मेले का ते?" सात दिवस पोर हे ओझे एकटे वाहात होते! मी त्याला जवळ घेतले आणि म्हटले, "नाही रे राजा. ते आपल्याकडे आले तेव्हाच आजारी होते. चूक आजीची झाली, तुझी नाही." ज्याने नऊ हजार घेतले त्याचा फोन तोवर बंद झाला होता.

पुढे दोन महिन्यांनी माझ्या शेजारणीने पिल्लू घ्यायचे ठरविले. मी तिला म्हटले, "पिशवीतले घ्यायचे नाही. जागा पाहायची." तिने एका जाहिरातीवरून चिकाटीने पत्ता मिळविला. शहराबाहेर अकरा किलोमीटरवर, पत्र्याची शेड. माणूस दाराबाहेरच पिल्ले आणून दाखवू लागला. आम्ही म्हटले, "आम्हाला आई पाहायची आहे." तो म्हणाला, "आई बाहेर नेली आहे." मग म्हणाला, "ती अनोळखी माणसावर धावते." शेजारीण मोठी धीट, ती पाणी पिण्याच्या निमित्ताने आत शिरली, मागोमाग मी.

आत तारेच्या जाळीचे पिंजरे, एकावर एक. तळालाही जाळीच, म्हणजे घाण खाली पडावी. पण वरच्या पिंजऱ्यातली घाण खालच्या पिंजऱ्यात पडत होती. त्या जाळीवर कुत्र्या उभ्या होत्या. त्यांच्या बोटांमध्ये जखमा होत्या, नखे वाढून वळली होती. एकीची स्तने जमिनीला टेकली होती आणि अंगावर केस असे उरले नव्हते. ती भुंकली नाही, उठली नाही. तिने नुसते वर पाहिले. मी दोन बाळंतपणे काढलेली बाई आहे. बाळंतिणीला आपण शेक देतो, डिंकाचे लाडू देतो, सव्वा महिना उठू देत नाही. त्या जिवाला उठून उभे राहायलासुद्धा जागा नव्हती. बिस्किटाची आई हीच, असे मी म्हणत नाही. पण ती असल्याच कुठल्यातरी शेडमध्ये असेल, याबद्दल मला शंका उरली नाही.

या धंद्याचे गणित समजून घेतले पाहिजे. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते. गर्भ सुमारे ६३ दिवसांचा. हे लोक प्रत्येक माजाला तिला दाखवितात. एका वेताची झीज भरून निघण्याच्या आत दुसरे वेत. पिल्ले चार-पाच आठवड्यांची झाली की आईपासून तोडतात, कारण तेव्हा ती दिसायला गोजिरवाणी असतात आणि त्यापुढे ती खायला लागतात. लस नाही, जंताचे औषध नाही, नीट अन्न नाही. म्हणून पिल्लू स्वस्त पडते. मधे दलाल असतो, त्याला आई कोठे आहे हे माहीतही नसते. कुत्री थकली की तिचे काय होते, ते मी विचारले. त्या माणसाने उत्तर दिले नाही.

लवकर तोडल्याने काय बिघडते, हे डॉक्टरांनी मला सांगितले ते आपणा बायकांना लगेच समजेल. गाय व्याली की पहिला चीक वासराला पाजावाच लागतो. त्यात आईची ताकद असते. कुत्रीचेही तसेच. त्या पहिल्या दुधातून पिल्लाला रोगाशी लढायचे बळ मिळते. आईलाच कधी लस टोचलेली नसेल आणि ती झिजलेली असेल, तर ती देणार काय? हे आईकडून आलेले बळ काही आठवड्यांत उतरत जाते, आणि ते अंगात असते तोवर लसही पुरती लागू पडत नाही. म्हणून एकच टोचणी देऊन भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिने पुरे होईपर्यंत लस देत जावे लागते. रेबीजची तीन महिन्यांनंतर. पाच आठवड्यांच्या पिल्लाचे "लसीकरण पूर्ण" असे कोणी सांगितले, तर तेथेच खोटे समजावे. पार्व्होचे विष जमिनीत महिनोन् महिने टिकते, म्हणून ज्या घरी पिल्लू दगावले तेथे लगेच दुसरे लहान पिल्लू आणू नये. नुसत्या फिनेलने ते मरत नाही. ब्लीचिंगचे द्रावण लागते.

दुसरे नुकसान स्वभावाचे. भावंडांशी खेळताना पिल्लू चावते, समोरचे केकाटते, आई दटावते. त्यातून दाताचा जोर किती लावायचा ते शिकते. तीन ते बारा आठवड्यांच्या वयात माणसे, आवाज, भांडी पडणे, लहान मुले हे सारे त्याच्या ओळखीचे व्हावे लागते. शेडमधल्या अंधारात वाढलेल्या पिल्लाला यांतले काही मिळत नाही. मग आपण म्हणतो, कुत्रे चावरे निघाले.

आता त्या शेडकडे परत येते. माझ्या शेजारणीचे डोळे भरून आले. एक पिल्लू उचलून ती म्हणाली, "याला तरी येथून सोडवू या. पैसे गेले तर गेले." मलाही तेच वाटत होते. मन तर म्हणत होते, सगळीच न्यावीत. पण मी तिचा हात धरला. आम्ही दिलेले पैसे पिल्लाची सुटका म्हणून त्याच्या वहीत लागणार नव्हते. विक्री म्हणूनच लागणार होते. एक पिंजरा रिकामा झाला की तो भरायला तीच आई पुन्हा कामाला लागणार. बिस्किटाचे नऊ हजारही असेच कोठेतरी लागले असतील. आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो. ते पिल्लू मागे ठेवताना काय वाटले ते सांगत नाही. बरोबर केले की नाही, याचा विचार अजूनही रात्री कधी कधी येतो. पण घरी न जाता आम्ही तशाच प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत गेलो आणि लेखी तक्रार दिली. तीनदा हेलपाटे घातले. काही महिन्यांनी तपासणी झाली, कुत्र्या तेथून हलविण्यात आल्या. तो माणूस दुसरीकडे पुन्हा शेड घालून बसला असेलही. पण त्या दहा-बारा जणी तरी जाळीवरून जमिनीवर आल्या.

तक्रार करता येते, कारण कायदा आहे. आपणा बायकांना अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. नृत्याच्या क्षेत्रात ज्यांचे नाव मोठे, त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले. त्यातून पुढे १९६० सालचा कायदा झाला, आणि १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याच पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्या कायद्याखाली २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री यांचे नियम झाले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. कुत्री दीड वर्षाची होण्याआधी तिची वीण घेता येत नाही. वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नाही, आणि सगळ्या आयुष्यात पाचांहून अधिक नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. दुकानांसाठी २०१८ साली वेगळे नियम झाले. इंग्लंडात तर २०२० पासून, सहा महिन्यांच्या आतले पिल्लू दलालाने किंवा दुकानाने विकायचेच नाही; जेथे जन्मले तेथे, आईसह दाखवूनच द्यायचे, असा कायदा आहे. त्याला लूसीचा कायदा म्हणतात. लूसी ही अशाच एका जागेतून २०१३ साली सुटलेली कुत्री. वेतांमागून वेते होऊन आणि पिंजऱ्यात राहून तिचा कणा वाकला होता. एका थकलेल्या आईचे नाव कायद्याला मिळाले, हे मला फार आवडले.

पण कायदा दारात येऊन उभा राहात नाही. दारात आपण उभ्या असतो. तेव्हा पिल्लू घेणाऱ्या घराने काय करावे, ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, घरातल्या थोरांनी एकत्र बसून ठरवावे. कुत्रे दहा-बारा वर्षे, कधी चौदा वर्षेही जगते. दहा वर्षांचा मुलगा कॉलेजात जाईल तेव्हा ते आपल्याच गळ्यात असणार. सकाळ-संध्याकाळ फिरविणार कोण, लग्नकार्याला गावी गेलात तर पाहणार कोण, औषधपाण्याचा खर्च महिन्याच्या हिशेबात बसतो का? वाढदिवसाची भेट म्हणून जीव आणू नये. हे मी अनुभवाने सांगते.

दुसरी गोष्ट जातीची. सिनेमात, जाहिरातीत पाहून जात निवडू नये. हस्की बर्फातला, सेंट बर्नार्ड आल्प्समधल्या थंडीतला. त्यांना वैशाखात आपल्या तिसऱ्या मजल्यावर कोंडणे म्हणजे उन्हात लोकरीचा कोट घालून बसविणे. चपट्या नाकाच्या पगला मुळात श्वास घेणे जड, उकाड्यात तर फारच. आपल्याकडचे कारवान आणि मुधोळ ही मोठी गुणी कुत्री, पण ती माळावर धावणारी. दोन खोल्यांत त्यांचे हाल होतात.

तिसरी आणि मुख्य गोष्ट म्हणजे जेथे जन्मले तेथे जाऊन पाहणे. आई समोर हवी, पिल्लांसह. ती मालकाला पाहून शेपूट हलविते की अंग चोरते, ते पाहावे. कितवे वेत, मागचे कधी झाले, ते विचारावे. पिल्लाचे डोळे-नाक स्वच्छ आहेत का, शेपटीखाली घाण चिकटली आहे का, पोट जंतांनी नगाऱ्यासारखे फुगले आहे का, चालताना लंगडते का, हे पाहायला डॉक्टर लागत नाही. आपण नातवंडे वाढविलेली आहेत. नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे, पावती घ्यावी, लसीचे पुस्तक मी सांगितले तसे तपासावे. केनेल क्लबचा कागद असला तर चांगलेच. पण तो वंशावळ सांगतो, प्रकृती सांगत नाही. घेतल्यावर दोन दिवसांत आपल्या डॉक्टरांना दाखवावे. आणि एकाच माणसाकडे पाच-सहा जातींची पिल्ले बाराही महिने तयार मिळत असतील, तर तेथून उठावे.

चांगला माणूस ओळखण्याची एक खूण आहे. तो उलट आपल्यालाच प्रश्न विचारतो. घर केवढे, दिवसभर कोण असते, आधी कुत्रे होते का, त्याचे काय झाले? मुलगी देणारा बाप जसा स्थळाची चौकशी करतो, तशी. तो म्हणतो, "जमले नाही तर परत मलाच आणून द्या." पुढचे वेत व्हायचे आहे, थांबा, असेही सांगतो. थांबायला लावणाऱ्याचा राग मानू नये.

शेवटची गोष्ट. पिल्लू विकतच घ्यावे असे कोठे आहे? आमच्या घरी आता ठकी आहे. आपल्या पंपाच्या खोलीमागे गेल्या पावसाळ्यात जी तपकिरी कुत्री व्याली, तिची ही लेक. वर्षभर थांबून, पार्व्होची भीती गेल्यावर आणली. तिची आई मी रोज पाहात होते. पाऊस पडत असताना पोरांवर अंग घालून बसायची. ठकी आठ आठवड्यांची होईपर्यंत नातू रोज तिला तेथेच जाऊन खेळवी, आणि आईलाही पोळी घाली. नंतर आईला लस टोचून घेतली, तिचे ऑपरेशनही करविले. आपल्यातल्याच पाच-सहा जणींनी वर्गणी काढली. आजही ती फाटकापाशी बसते आणि ठकी फिरायला निघाली की मायलेकी नाकाला नाक लावतात. ठकीला कसलाही कागद नाही. तिची आई मात्र साऱ्या कॉलनीने पाहिलेली आहे.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणाच्याही घरी पिल्लू घ्यायचे ठरले, तर एकटीने पैसे मोजू नयेत. मंडळातल्या दोघींनी बरोबर जावे. सोने घेताना आपण जातोच की नाही? आणि विकणाऱ्याने कितीही गोड बोलून घरी आणून देतो म्हटले, तरी पहिले वाक्य हेच बोलावे, "आधी आई दाखवा." तो टाळू लागला, तर तेथूनच घरी यावे.

नातवाने बिस्किटाचा पट्टा अजून आपल्या पेटीत ठेवला आहे. ठकीला तो घालू का, असे मी एकदा विचारले. तो म्हणाला, "नको आजी, तो त्याचा आहे." मी पुन्हा विचारले नाही.